स्वनातीत आणि अतीत-अभ्यागत

२० मे २०२० च्या दुपारी बंगळुरूमध्ये एक प्रचंड आवाज झाला. टाळेबंदीचे दिवस होते, रस्ते शांत होते, त्यामुळे तो दूरदूरपर्यंत ऐकू गेला. खिडक्यांची तावदाने थरथरली. कोणाला भूकंप वाटला, कोणाला स्फोट. संरक्षण खात्याने नंतर खुलासा केला. हवाई दलाच्या विमानाची ती नेहमीची चाचणी होती. विमान शहराच्या हद्दीबाहेर बऱ्याच अंतरावर, खूप उंचीवर होते आणि ध्वनीपेक्षा जास्त वेगातून कमी वेगात येताना हा आवाज झाला असावा.

अशा प्रसंगासाठी मराठी वर्तमानपत्रांचा ठरलेला मथळा आहे, 'गूढ आवाज'. तो अगदी नेमका आहे, कारण आवाज ऐकून माणसे वर पाहतात तेव्हा आकाशात काहीच नसते. मग बातमीच्या पोटात दोन शब्द येतात. विमानाच्या वेगाला 'स्वनातीत' म्हटलेले असते आणि आवाजाला 'सॉनिक बूम'. एक शब्द संस्कृत वळणाचा, भारदस्त, दुसरा उसना आणि आदळणारा. पहिला विमानाविषयी बोलतो, दुसरा जमिनीवरच्या माणसाविषयी. जमिनीवरून उडताना लोकांना त्रास होणार नाही असे स्वनातीत प्रवासी विमान बनवता येईल का, हा प्रश्न गेली साठ वर्षे अभियंत्यांना छळतो आहे. मला वाटते, त्या प्रश्नाचे मर्म या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

'सुपरसॉनिक'पासून सुरुवात करू. हा शब्द विमानांसाठी जन्मलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो कंपनांसाठी वापरत. माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या वरच्या मर्यादेपलीकडची कंपने ती सुपरसॉनिक. १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने रेडिओसाठी 'सुपरहेटरोडाइन' नावाची रचना काढली. तिच्या नावातला 'सुपर' हा 'सुपरसॉनिक' शब्दाचाच तुटून उरलेला तुकडा आहे. पुढच्या काळात आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यांत जे रेडिओ वाजले, त्यांतले बहुतेक याच रचनेचे होते. पुढे विमानांचा वेग वाढला, शब्द वेगाकडे सरकला आणि कंपनांसाठी 'अल्ट्रासॉनिक' रूढ झाला.

मराठीत हा गोंधळ झालाच नाही. शाळेच्या पुस्तकात अल्ट्रासॉनिकसाठी 'श्राव्यातीत' आहे, सुपरसॉनिकसाठी 'स्वनातीत'. पहिल्यात कानाची मर्यादा सांगितली आहे, दुसऱ्यात ध्वनीच्या वेगाची. परिभाषा घडवणाऱ्यांना अनेकदा टोमणे बसतात, पण ही जोडी ज्यांनी लावली त्यांनी दोन कल्पना स्वच्छ वेगळ्या ठेवल्या.

'स्वनातीत' ऐकायला कोणी खोलीत बसून बनवलेला वाटतो. त्याची मुळे मात्र इंग्रजी शब्दाच्याच मुळांत गुंतलेली आहेत. सॉनिक हा शब्द लॅटिन 'सोनुस'पासून आला. सोनुस म्हणजे आवाज. संस्कृतातला 'स्वन्' हा धातू आणि हा सोनुस एकाच आदिभाषेची लेकरे आहेत. संगीतातला 'सोनाटा' त्याच घरातला. हंसाला इंग्रजीत 'स्वान' म्हणतात, तोही बहुधा याच घरातला. फारसीत हा धातू 'ख्वांदन' झाला, म्हणजे म्हणणे, वाचणे. आपल्याकडच्या मुसलमान घरांत 'कुराणखानी' होते, तिच्यातली 'खानी' ही खरे तर 'ख्वानी', तिथेही हाच धातू बोलतो. 'सुपर'चेही तसेच. लॅटिन 'सुपर' आणि संस्कृत 'उपरि' ही भावंडे, आणि 'उपरि' झिजत झिजत आपला साधा 'वर' झाला. म्हणजे सुपरसॉनिकचे मूळ धरून शब्दशः मराठी केले तर 'स्वनावर' एवढेच होईल.

मराठीत 'स्वन' एकटा फारसा भेटत नाही. भाषाविज्ञानाने त्याला जपले. तिथे उच्चारातला एक ध्वनी म्हणजे स्वन, आणि अर्थ बदलवणारे त्याचे एकक म्हणजे स्वनिम. बोलण्यात 'ध्वनी' आला. अमरकोशात हे दोन्ही शब्द रव, निनाद यांच्याबरोबर एकाच पंक्तीला बसलेले आहेत, पण त्यांचे परदेशातले नातेवाईक वेगवेगळ्या स्वभावाचे निघाले. 'स्वन'चे नातेवाईक गाणारे, 'ध्वनी'चा इंग्रजी चुलता 'डिन', म्हणजे गोंगाट. कोलाहलात कान किटले की इंग्रज ज्या शब्दाने तक्रार करतो, तो आपल्या 'ध्वनी'च्या रक्ताचा आहे.

आता 'अतीत'कडे येऊ, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. अति आणि इत मिळून अतीत, म्हणजे पलीकडे गेलेला. मराठीने या शब्दाला मोठा मान दिला आहे. गुणातीत, कालातीत, शब्दातीत, वर्णनातीत, कल्पनातीत. ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचे वर्णन येते, म्हणजे तिन्ही गुण ज्याला बांधू शकत नाहीत तो. या साऱ्या शब्दांत अतीत म्हणजे त्या गोष्टीच्या पकडीतून सुटलेला. मग त्याच न्यायाने स्वनातीत म्हणजे आवाजाच्या पकडीतून सुटलेला, जिथे आवाज पोचत नाही असा. विमानात बसलेल्या प्रवाशापुरते हे काही अंशी खरे आहे. बाहेरचा तो धडाका त्याच्या कानी येतच नाही. खालच्या माणसापुरते ते साफ खोटे आहे. मूळ कल्पना 'स्वनवेगातीत' अशी होती. मधला 'वेग' बोलण्याच्या सोयीसाठी गळून पडला, आणि तो गळताच शब्दाने विमानाला न मिळालेली मुक्ती देऊन टाकली.

विमान आवाजाच्या पुढे जाते तेव्हा नेमके काय होते? आपल्या नैयायिकांनी ध्वनी कसा पसरतो याचे दोन दृष्टांत दिले आहेत. एक वीचितरंगन्याय, म्हणजे पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा ध्वनी पुढे सरकतो. दुसरा कदंबमुकुलन्याय, म्हणजे कदंबाच्या फुलाचे केसर जसे चहूबाजूंनी एकदम उमलतात तसा ध्वनी सगळीकडे एकाच वेळी पसरतो. स्वनातीत विमान समजायला मला कदंबच सोपा वाटतो. विमान प्रत्येक क्षणी आपल्या जागी एक कदंब फुलवत जाते. वेग कमी असेल तर विमान त्या फुलांच्या आतच राहते आणि त्याचा आवाज त्याच्या आधी आपल्यापर्यंत येतो. वेग ध्वनीपेक्षा वाढला की विमान प्रत्येक फूल पुरते उमलण्याआधीच त्यातून बाहेर पडते. मागे एकापेक्षा एक मोठी फुले राहतात आणि त्यांच्या कडा एकावर एक दाटून एक शंकू तयार होतो. तीच आघात तरंगाची पातळ भिंत.

ही भिंत प्रथम दिसली ती गोळीभोवती. एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनी १८८६ साली धावत्या गोळीभोवतीच्या आघात तरंगांची छायाचित्रे मिळवली आणि पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. वेगाच्या परिमाणाला माखचे नाव दिले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९२९ मध्ये, याकोब आकरेट या स्विस शास्त्रज्ञाने. जर्मन 'माख' इंग्रजीतून फिरून मराठीत 'मॅक' झाला. मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग, समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर आणि अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत सुमारे १,०६०.

भिंत म्हटले की मनात चुकीचे चित्र उभे राहते. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक यीगरने बेल एक्स-१ विमानातून मॅक १ ओलांडला, तेव्हापासून 'ध्वनीची भिंत फोडली' हा वाक्प्रचार जगभर फिरतो आहे. त्यावरून वाटते, विमान एकदा भिंत फोडते, एकदा मोठा आवाज होतो, आणि संपले. प्रत्यक्षात विमान जोवर स्वनातीत आहे तोवर ती भिंत त्याच्याबरोबर चालत असते. आपल्याला चालत्या भिंतीची कल्पना परकी नाही. चांगदेवाला सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. शंकूच्या आकाराची तशीच एक भिंत विमानासोबत मुलुख ओलांडत जाते. ज्या गावावरून ती जाते त्या गावाला एकदाच आवाज येतो, पण मार्गातले एकही गाव सुटत नाही.

अभियंते या पट्ट्याला 'बूम कार्पेट' म्हणतात. त्यांचा ठोकताळा असा, की विमान जितके हजार फूट उंच, साधारण तितके मैल रुंद हा पट्टा. पन्नास हजार फुटांवर उडणारे विमान सुमारे ऐंशी किलोमीटर रुंदीचा आवाज जमिनीवरून ओढत नेते. मी याला गालिचा म्हणणार नाही. गालिचा कोणाच्या तरी स्वागताला अंथरतात. चालणाऱ्याच्या मागून जमिनीवर लोळत जातो त्याला मराठीत 'घोळ' म्हणतात, लुगड्याचा घोळ, झग्याचा घोळ. विमान डोळ्यांआड गेले तरी त्याचा घोळ आपल्या छपरावरून सरकत असतो.

हा घोळ लोकांना किती दिवस सोसेल, हे पाहण्यासाठी अमेरिकेने १९६४ मध्ये एक मोठा आणि आज वाचताना निष्ठुर वाटणारा प्रयोग केला. ओक्लाहोमा सिटीवरून ३ फेब्रुवारी ते ३० जुलै या काळात लष्करी विमाने रोज आठ-आठ वेळा स्वनातीत वेगाने नेली. एकूण १,२५३ बूम झाले. पहिल्या चौदा आठवड्यांत शहरातल्या सर्वांत उंच दोन इमारतींच्या १४७ काचा फुटल्या. हजारो तक्रारी आल्या. शेवटी २७ टक्के लोकांनी सांगितले की हे आम्ही कायम सोसू शकणार नाही. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लोक सोसायला तयार होते. पण ज्या शहराचा चौथा हिस्सा 'नाही' म्हणतो, त्या शहरावरून रोज विमाने न्यायची कशी? १९७१ मध्ये बोइंगच्या स्वनातीत प्रवासी विमानाचा प्रकल्प बंद पडला. १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांनी मॅक १ ओलांडण्यास बंदी घातली. या नियमाची भाषा मला महत्त्वाची वाटते. तक्रार आवाजाची होती, बंदी मात्र वेगावर आली. आवाज किती, हे कायद्याने विचारलेच नाही. जणू कायद्यालाही 'स्वनातीत' एवढाच शब्द ठाऊक होता.

युरोपच्या वाट्याला आलेल्या विमानाचे नाव फार सुंदर होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी करार केला आणि विमानाला 'काँकॉर्ड' म्हटले. लॅटिन 'कोर' म्हणजे हृदय. हृदयांचे एकत्र येणे म्हणजे काँकॉर्ड. आपल्या 'श्रद्धा' शब्दातला 'श्रत्' हा त्याच 'कोर'चा भाऊबंद मानतात. मराठीत याला तोलामोलाचा शब्द आहे 'एकदिल'. गंमत अशी की या एकदिल विमानाच्या नावाच्या शेवटच्या एका अक्षरावरून दोन देशांची मने दुखावली. फ्रेंच लेखनात शेवटी 'ई' येतो. ब्रिटिश पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी तो इंग्रजी लेखनातून काढून टाकला. १९६७ मध्ये तुलूझला विमान लोकांपुढे आले तेव्हा मंत्री टोनी बेन यांनी तो परत बसवला आणि सांगितले की हा 'ई' एक्सलन्सचा, इंग्लंडचा, युरोपचा आणि आँताँतचा, म्हणजे मैत्रीच्या कराराचा.

एअर इंडियानेही दोन काँकॉर्डसाठी आगाऊ हक्क नोंदवला होता, पुढे तो सोडून दिला. २१ जानेवारी १९७६ ला काँकॉर्ड प्रवासी सेवेत आले. मॅक २ च्या वेगाने लंडन-न्यूयॉर्क अंतर साडेतीन तासांवर आले, कारण मध्ये समुद्र होता आणि समुद्र तक्रार करत नाही. लंडन-बहरीन-सिंगापूर मार्गावर मात्र मलेशियाने आवाजाबद्दल हरकत घेतली. भारतीय हद्दीत स्वनातीत वेगाला परवानगी मिळेना आणि १९८० मध्ये तो मार्ग बंद झाला. नावाने एकदिल असलेल्या विमानाला जमिनीवरच्या लोकांशी एकदिलाने राहणे जमले नाही. वरच्या प्रवाशांचे आणि खालच्या माणसांचे हृदय जुळवायचे तर आधी आवाज बदलायला हवा होता.

आता 'बूम' या शब्दाकडे पाहू. तो नादावरून बनलेला शब्द आहे, आवाजाची नक्कल करणारा. 'बॉम्ब' हाही मुळात तसाच, ग्रीक 'बोम्बोस' म्हणजे घुमणारा खोल आवाज. आपली 'बोंब' यांच्याशेजारी बसवायचा मोह होतो. पण शिमग्याची बोंब मराठी माणूस बॉम्ब ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून मारतो आहे. ओठ मिटून उघडले की घुमणारा आवाज निघतो, हे प्रत्येक भाषेने आपापले शोधले, एवढेच हे नाते.

नादानुकारी शब्दांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, आणि ही श्रीमंती इथे उपयोगी पडते. इंग्रजीत सॉनिक बूमची तीव्रता कमी झाली की 'थम्प' म्हणतात. आपल्याकडे आवाज चढत-उतरत नेणारी पायऱ्यांची उतरंड आहे. धडाड, धाड, धाडकन, दण, धप, धप्प, थप, थाप. आणि या उतरंडीहून मोलाची एक जोडी आहे, वीज जवळ पडली तर 'कडाड' आणि लांब पडली तर 'गडगड'. कडकडाट आणि गडगडाट हे दोन वेगळ्या विजांचे आवाज नव्हेत. एकच वीज, अंतर वेगळे. दूरवर येता येता हवा त्या आवाजातली तीक्ष्ण, उच्च कंप्रतेची टोके शोषून घेते आणि उरतो तो घुमणारा भाग. आपल्या भाषेने हा फरक किती नेमका टिपला! फक्त 'क' चा 'ग' केला. व्याकरणाच्या पुस्तकात 'क' हे कठोर व्यंजन, 'ग' हे मृदू. उच्चारून पाहा. 'क'च्या वेळी अडलेली हवा एकदम सुटते, 'ग'च्या वेळी गळ्यातला कंप आधीच सुरू झालेला असतो. म्हणून 'क' फुटतो आणि 'ग' चढत येतो.

सॉनिक बूमचे भौतिकशास्त्र इथेच आहे. काँकॉर्डच्या बूममुळे जमिनीवर हवेचा दाब जेवढा वाढे, तो नेहमीच्या वातावरणीय दाबाच्या जेमतेम एक हजारांश होता. एवढ्याशा वाढीने घर हादरावे का? माणसाला दचकवते ती वाढ होण्यातली घाई. आलेख काढला तर दाब एकदम उभा चढतो, मग तिरका उतरत नेहमीच्याही खाली जातो, आणि पुन्हा एकदम उभा वर येतो. इंग्रजी 'एन' अक्षराच्या आकारामुळे त्याला एन-तरंग म्हणतात. दोन उभे चढ म्हणजे दोन आघात, म्हणून मोठ्या विमानाचा बूम 'धाड-धाड' असा अभ्यस्त ऐकू येतो. दोन्ही वेळा सुरुवात 'क'ची, कठोर. ती 'ग'ची करता आली तर दाब तितकाच असूनही कान दचकणार नाही.

मग दोनच उभे चढ का उरतात? विमानाला नाक आहे, वैमानिकाच्या बैठकीवरचा फुगवटा आहे, पंख आहेत, इंजिनाचे तोंड आहे, शेपूट आहे. प्रत्येकापासून वेगळा आघात तरंग निघतो. पण जास्त दाबाचा तरंग किंचित जास्त वेगाने धावतो, पुढच्याला गाठतो आणि त्याच्यात मिसळतो. जमिनीपर्यंत येईतो पुढचे सारे मिळून एक होतात, मागचे सारे मिळून एक. व्याकरणाच्या भाषेत ही संधी आहे. शेजारी आलेले वर्ण एकमेकांत मिसळून एक व्हावेत तशी. शांत विमान बनवणे म्हणजे ही संधी होऊ न देणे. प्रत्येक तरंग पदच्छेद केलेल्या वाक्यासारखा सुटा पोचला, तर उभ्या कड्याऐवजी सौम्य उतार मिळतो.

हे कागदावर शक्य आहे, हे दाखवले रिचर्ड सीबास आणि आल्बर्ट जॉर्ज यांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या आरंभी. विमानाचा आकार आणि पंखांवरचा भार लांबीवर कसा वाटावा, याचे गणित त्यांनी मांडले. नासाच्या लँगली केंद्रात क्रिस्टीन डार्डन यांनी त्या गणितावरून संगणकाचा कार्यक्रम लिहिला. १९६७ मध्ये त्या तिथे रुजू झाल्या त्या आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या कक्षात. पुढे अभियंता म्हणून त्यांनी बूम कमी करण्याच्या संशोधनाला आपल्या आयुष्याचा मोठा काळ दिला. २७ ऑगस्ट २००३ ला एका एफ-५ लढाऊ विमानाचे नाक मुद्दाम जाड आणि लांब करून उडवले, तेव्हा आकाशात घडवलेला आकार जमिनीपर्यंत टिकतो हे मोजमापाने सिद्ध झाले. दोनच महिन्यांनी काँकॉर्डची प्रवासी सेवा संपली.

या विचाराचे आजचे रूप म्हणजे नासासाठी लॉकहीड मार्टिनने कॅलिफोर्नियात पामडेलला बनवलेले एक्स-५९. ते प्रवासी विमान नाही, एका वैमानिकाचे प्रायोगिक विमान आहे. लांबी सुमारे तीस मीटर, पंखांची रुंदी मात्र नऊच मीटर. लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसते नाक आहे. वैमानिकाला समोर खिडकी नाही, कारण तिच्या फुगवट्याचाही एक आघात तरंग निघेल. तो कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पडद्यावर पाहत विमान चालवतो. इंजिन पाठीवर बसवले आहे, म्हणजे त्याचे तरंग वर जावेत. वेग ठरवला आहे मॅक १.४, उंची ५५,००० फूट. २८ ऑक्टोबर २०२५ ला त्याने पहिले उड्डाण केले, ध्वनीपेक्षा कमी वेगाने. कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापात काँकॉर्डचा बूम सुमारे १०५ डेसिबल होता. एक्स-५९ चे उद्दिष्ट ७५ आहे. हे माप गुणाकाराचे असल्याने तीस अंकांची घट म्हणजे कानाला साधारण आठव्या हिश्श्याइतका आवाज. रस्त्यापलीकडे कोणी मोटारीचे दार लावावे इतका, असे नासाचे लोक सांगतात.

मला या प्रकल्पातली सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्या लांब नाकात नाही. हे विमान लोकवस्त्यांवरून नेऊन खालच्या माणसांना विचारायचे, 'ऐकू आले का? त्रास झाला का?' असा बेत आहे. त्याची तालीम नोव्हेंबर २०१८ मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन शहरात झाली. समुद्रावर एफ-१८ विमानाला विशिष्ट सूर मारायला लावून शहरात सौम्य थम्प पोचवले आणि सुमारे पाचशे स्वयंसेवकांनी आपला अनुभव नोंदवला. ओक्लाहोमात आधी आवाज झाले आणि तक्रारी नंतर आल्या. इथे ऐकणाऱ्याचे म्हणणे हाच प्रयोग आहे. ७५ हा आकडा यंत्र मोजेल, पण 'दचकलो' की 'दचकलो नाही' हे माणूसच सांगू शकतो.

दुसरी एक वाटही आहे. हवा उंचावर थंड आणि जमिनीजवळ उबदार असते, उबदार हवेत ध्वनी वेगाने धावतो. त्यामुळे मॅक १ च्या थोड्याच वर उडणाऱ्या विमानाचा आघात तरंग खाली येता येता वाकून पुन्हा वर वळतो, जमिनीला शिवतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानाने मॅक १.१ च्या आसपास उडून हे दाखवले. त्या कंपनीचे नाव 'बूम' आहे आणि या उड्डाणपद्धतीला तिने दिलेले नाव 'बूमविरहित' अशा अर्थाचे आहे. जे नाव अभिमानाने घेतले, त्याचाच अभाव विकावा लागतो, यावरून गेल्या अर्धशतकात या शब्दाचे वजन कसे पालटले ते दिसते. ६ जून २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची वेगावरची बंदी उठवून तिच्या जागी आवाजाच्या मर्यादेचा नियम आणण्याचा आदेश काढला. कायद्याची भाषा 'अतीत'वरून 'स्वन'वर येऊ लागली आहे. ती मर्यादा कुठे आखतात, त्यावर लाखो घरांची झोप अवलंबून आहे.

म्हणून मी पुन्हा 'अतीत' या शब्दाकडे येतो. मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, जो परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात नसावा. जुन्या घरांत 'अतीत-अभ्यागत' म्हणत. दारी आलेला गोसावी, वाटसरू, पाहुणा तो अतीत. काहींच्या मते हा 'अतिथी'च, बोलता बोलता बदललेला. काहींच्या मते संसाराच्या पलीकडे गेला म्हणून विरक्त माणूस अतीत, आणि तो दारोदार फिरतो म्हणून पुढे पाहुणाही अतीत. लोकांनी दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवले. जो पलीकडे गेला आहे, तोच आपल्या दारात उभा आहे.

स्वनातीत विमानाची सगळी गोष्ट या दोन अर्थांत मावते. वरच्यासाठी ते आवाजाच्या पलीकडे गेलेले आहे. खालच्यासाठी त्याचा स्वन हाच अतीत आहे, तिथी न कळवता आलेला. त्याला पूर्ण परतवता येईल असे अजून कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की तो दार कसे वाजवणार? आपल्या उतरंडीच्या तळाशी 'थाप' आहे, दारावरची, तबल्यावरची, पाठीवरची. 'थम्प'ला मी मराठीत थाप म्हणेन. या शब्दाचा दुसरा अर्थ लोकांना आठवायची पाळी येऊ नये, म्हणून आवाज मोजण्याइतकेच ऐकणाऱ्याला विचारणे गरजेचे आहे. दुपारी पाळण्यात बाळ झोपलेले असेल, अंथरुणाला खिळलेली आजी डुलकी घेत असेल, त्या घरावरून कोणी साडेतीन तासांत महासागर ओलांडून जात असेल. दारावर हलकी थाप पडावी, बाळाने कूस बदलावी आणि पुन्हा झोपावे. त्या दिवशी मी या विमानाला मनापासून स्वनातीत म्हणेन.